अंदाज आधी, काडी नंतर

शिक्षक होऊ घातलेल्यांचे आणि त्यांना शिकवणाऱ्यांचे तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सराव पाठात ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर ग्लास उपडा ठेवला. ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं, असं सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, पाणी तर मेणबत्ती विझल्यावर चढलं!" मी गप्पच झाले. (छात्राध्यापिका, परळ)

उत्तर : आधी त्याला शाबासकी. तुमच्या टाचणात नव्हतं ते त्याने पाहिलं. ज्योतीजवळची हवा तापून पसरते, थोडी निसटते. ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मुख्य कारण हे. पण लगेच सांगून टाकू नका. विचारा, "ऑक्सिजनमुळेच चढत असेल, तर तीन मेणबत्त्या लावल्यावर किती चढेल?" ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे पाणीही साधारण तेवढंच चढायला हवं. प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, मगच काडी ओढायची. पाणी चांगलंच जास्त चढतं. चुकलेला अंदाज कुणालाही खोडू देऊ नका. आणि हो, पंखा बंद ठेवा. माझ्या पहिल्या पाठात काड्या विझण्यातच पाच मिनिटं गेली, वर ‘पूर्वतयारी अपुरी’ हा शेरा!

प्रश्न : माझी मेथड (शिकवायचे विषय) मराठी-इतिहास. मला या ‘आधी अंदाज, मग प्रयोग’चं काय? (बी.एड., बोरिवली)

उत्तर : व्हॉट्सॲपवर ‘शिवकालीन’ म्हणून फिरणारं पत्र तुमच्याच वर्गात येणार. ते बनावट असेल तर त्यात काय सापडेल, हे वाचण्याआधी मुलांकडून लिहून घ्या.

प्रश्न : विद्यार्थी व्याख्या घोकून येतात. तर्क तपासायचा कसा? (प्राध्यापक, मुलुंड)

उत्तर : विज्ञानशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक अँटन लॉसन यांनी 1978 मध्ये यासाठीच चाचणी मांडली. तिच्या आजच्या रूपात प्रश्न जोडीने येतात : आधी उत्तर, मग त्याचं कारण. तुमच्या पेपरातही कारणाशिवाय गुण देऊ नका. त्याआधी दोरा आणि लहान-मोठे लोखंडी नट देऊन लंबक करायला सांगा. बरेच जण लांब दोऱ्याला जड नट आणि आखूड दोऱ्याला हलका नट बांधतात आणि वजनामुळे वेळ बदलला म्हणतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, हे त्यांचं त्यांना कळू द्या. 25 सेंटिमीटरच्या दोऱ्याला दहा झोक्यांना (जाऊन-येऊन एक झोका) सुमारे 10 सेकंद लागतात, एक मीटरला 20. नट कुठलाही असो. लांबी मात्र नटाच्या मध्यापर्यंत मोजायची.