एल साईज अंगात आला नाही म्हणून भाकरी सोडलीस?

पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि रागच आला, तुझा नाही गं, त्या कुर्तीचा. ऑनलाईन मागवलेला एल दंडात अडकला म्हणून रात्रीची भाकरी बंद, हे कुठलं गणित? मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, अरुंद कापलाय त्यांनी, त्याला तुझा दंड काय करणार.

मी हरभट रोडच्या दुकानांसाठी शिवते आणि त्यांच्या जाहिरातीच्या शूटला पण सुईदोरा घेऊन उभी असते म्हणून सांगते, फोटोत जो ड्रेस मॉडेलच्या अंगावर असा चापूनचोपून बसलेला दिसतो ना, तो मागून चिमट्यांनी आवळलेला असतो, मानेपासून कमरेपर्यंत नुसती चिमट्यांची रांग, ती पोरगी वळली तर हसशील. मग पोट आत, श्वास धर, क्लिक, सोड. वर परत कॉम्प्युटरवर कंबर बारीक करतात, रंग उजळतात. म्हणजे त्या फोटोसारखी ती स्वतः पण दिसत नाही आणि तू तिच्याशी बरोबरी करायला निघालीस! फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं अंग एडिट करून बारीक-जाड केलं तर जाहिरातीवर तसं छापावं लागतं, नॉर्वेतपण 2022 पासून नियम आहे.

आणि साईजचं म्हणशील तर आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं अमेरिका-इंग्लंडच्या चार्टात थोडा फेरफार करून कापत आल्यात, म्हणून तर निफ्टनं, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेनं, 'इंडियासाईज' सर्व्हे काढला, 25 हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायला. आपल्या अंगाचा चार्टच नव्हता गं.

आता काय कर, टेप घे, छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), दंड, चार आकडे मोबाईलात लिहून ठेव. पुढच्या वेळी एस-एम-एल बघूच नको, इंच बघ, आणि चार्टात अंगाचं माप दिलंय का कपड्याचं तेही बघ, कपड्याचं असेल तर छातीला दोन-तीन इंच जास्त पाहिजे. बाकी उपाशी राहून चक्कर येत असेल, पाळी चुकली असेल तर आईला सांग आणि डॉक्टरकडे जा, तिथं माझी शिलाई कामाची नाही.

कुर्ती उलटी करून बघ, बगलेत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडली असेल तर उसवून देते, नसेल तर जोड लावू. शनिवारी दुपारी ये, संध्याकाळी लग्नाच्या ब्लाऊजवाल्या असतात, बोलता येत नाही.

तुझी काकू