“त्याने व्हेपला हात लावू नये म्हणून मी काय करू?”

आठवी-नववीतल्या मुलांचे पालक अलीकडे व्हेपबद्दलचा, म्हणजे ई-सिगारेटबद्दलचा, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. पुण्यातल्या एका आईला नववीतल्या मुलाच्या दप्तरात हायलायटरसारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची वस्तू सापडली होती. ती मित्राने ठेवायला दिली होती, आपण ओढली नव्हती, असे मुलगा सांगत होता आणि मला ते खरे वाटले.

व्हेपमधून ओढली जाते ती साधी वाफ नसते, तिच्यात बहुधा निकोटीन असते, ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असल्याने या वयात सवय लवकर जडते, हे त्याला ठाऊक होते. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवरच नव्हे, तर साठवणुकीवरही बंदी आहे, हेही त्याने ऐकले होते. तरीही पुढच्या वेळी मित्राला नकार देता येईल का, या प्रश्नावर तो गप्प झाला.

“नाही म्हटलं तर ते मला ग्रुपमधून काढतील.”

“काढलं तर?”

“मग मी संपलोच, मॅडम.”

“मागच्या वर्षी क्रिकेटच्या संघातून तुला वगळलं होतं. तेव्हा संपलास?”

बराच वेळ तो बोटे मोडत राहिला. मग म्हणाला, “नाही. फार वाईट वाटलं. नंतर सोसायटीतल्या मुलांबरोबर खेळायला लागलो.”

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशाच क्षणांमुळे: “वाईट वाटेल” आणि “संपेन” यांतला फरक मुलाला स्वतःच्या अनुभवातून सापडला की नकार त्याच्या आवाक्यात येतो, आणि हा फरक त्याला माझ्या उपदेशाविना सापडला याचे मला आजही समाधान वाटते.

नंतर मी आईशी बोलले. घरात मुलाने “मला नको” म्हटले की ते उलट उत्तर ठरत असे. जेवणात, क्लासच्या निवडीत, पाहुण्यांसमोर गाणे म्हणण्यात ज्याचा नकार कधी मानलाच गेला नाही, त्याने शाळेच्या फाटकाबाहेर चार मित्रांसमोर ठाम राहावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. म्हणून पालकांना माझे सांगणे असे, की दप्तर चोरून तपासण्याऐवजी मुलाला सरळ विचारा, उत्तर ऐकून लगेच शिक्षा करू नका, आणि “मला नको, तुम्ही ओढा” एवढे छोटे वाक्य घरीच त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण लांबलचक कारणे दिली की मित्र ती खोडत बसतात. वडील स्वतः सिगारेट ओढत असतील, तर त्यांनी ती सोडण्याची आपली धडपड मुलापासून लपवू नये.

मूल आधीच ओढत असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनच्या १८००-११२-३५६ या निःशुल्क क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन करा.