थॅलेसेमिया आणि नियमित रक्त : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. तो पांढराफटक दिसू लागला, दूध नीट पिईना, म्हणून तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ५.८ निघाले आणि ‘बीटा थॅलेसेमिया मेजर’ असे निदान झाले. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. पहिल्या वेळेनंतर तो दुसऱ्याच दिवशी खेळू लागला. मात्र घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की बाहेरच्या रक्ताची सवय लागली तर शरीर स्वतःचे रक्त तयार करणे सोडून देते. तेव्हा तो हिंडता-फिरता आहे तोवर पुढचे रक्त लांबवावे आणि द्यायचेच झाले तर वडिलांचे किंवा काकांचे द्यावे. आम्ही काय करावे?
— एक आई, जळगाव

उत्तर : पुढची तारीख लांबवू नका, ही विनंती सर्वांत आधी करतो. वडीलधाऱ्यांची काळजी मनापासूनची आहे आणि त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्यही आहे. नियमित रक्त दिल्यावर मुलाच्या अस्थिमज्जेचे (हाडांच्या आतील, रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजाचे) काम खरोखरच मंदावते. परंतु ते मंदावणे हाच या उपचाराचा एक हेतू असतो. या आजारात हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांपैकी बीटा साखळी पुरेशी तयार होत नाही, त्यामुळे बहुतेक तांबड्या पेशी मज्जेतच नष्ट होतात. रक्त कमी पडते म्हणून मज्जा आणखी जोर लावते, आणि त्या निष्फळ धडपडीत हाडे आतून फुगतात, कपाळ व गालांची हाडे पुढे येतात, प्लीहा (पाणथरी) वाढून पोट मोठे दिसू लागते, उंची खुंटते. थॅलेसेमियाच्या मुलांचा म्हणून जो चेहरा जुन्या पाठ्यपुस्तकांत छापलेला असे, तो रक्त उशिरा आणि अपुरे मिळाल्यामुळे घडलेला चेहरा होता. नियमित रक्त मिळण्याची सोय नव्हती, त्या काळात यांतील बहुतेक मुले वयाची पाच वर्षेही पाहत नसत.

म्हणून मूल मलूल होण्याची वाट पाहायची नसते. पुढचे रक्त देण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारण ९ ते १०.५ च्या दरम्यान राहील, अशा बेताने दोन ते चार आठवड्यांचे अंतर ठरवतात. ते त्याखाली जाऊ दिले नाही, तर मूल समवयस्कांसारखे वाढते, शाळेत जाते, मैदानावर धावते. लहानपणापासून नियमित रक्त आणि पुढे सांगितलेले लोहाचे औषध मिळालेली मुले आज शिकून नोकरी-व्यवसाय करीत आहेत, त्यांपैकी अनेकांचे संसारही आहेत. तुम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलेला बदल तात्पुरताच राहील असे नाही. तारखा पाळल्या तर ते त्याचे रोजचे बालपण होऊ शकते.

लोहाविषयी मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण उपचाराचा हा अर्धा भाग घरोघरी दुर्लक्षिला जातो. पूर्ण आकाराच्या एका पिशवीतील तांबड्या पेशींबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते. उरलेले हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचत राहते. सुमारे दहा ते वीस वेळा रक्त दिल्यानंतर, किंवा रक्तातील फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) १००० च्या वर गेल्यावर, लोह बाहेर काढणारे औषध सुरू करतात. एके काळी त्यासाठी रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून पंप लावावा लागे. आता तोंडावाटे घेण्याची औषधे मिळतात. ती चुकवल्याचा त्रास लगेच दिसत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे.

वडिलांचे किंवा काकांचे रक्त या मुलाला देऊ नये. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात आणि तो प्रकार बहुधा जीवघेणा ठरतो. शिवाय पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला, तर आधी मिळालेले नात्यातले रक्त अडचणीचे ठरू शकते. त्या दोघांनी रक्तपेढीत अनोळखी रुग्णासाठी जरूर रक्त द्यावे. रक्तपेढीकडे पांढऱ्या पेशी गाळलेले आणि नेहमीच्या ए-बी-ओ गटाबरोबरच आर-एच व केल या रक्तगटांशीही जुळवलेले रक्त मागा. या आजाराच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते, बदली रक्तदाता आणण्याची सक्ती नसते. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे ना, तेही पाहा.

तुम्ही दोघेही या आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून त्याचा सदोष जनुक बाळगणारे असणार, त्यामुळे प्रत्येक गर्भारपणात मुलाला ‘थॅलेसेमिया मेजर’ होण्याची शक्यता २५ टक्के असते. पुढचे मूल हवे असेल, तर गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. त्यासाठी आधीच डॉक्टरांशी बोला. दीर आणि नणंदा, तसेच तुमची भावंडे यांनीही वाहक ओळखणारी ‘एचबी ए-टू’ ही रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी दर वर्षी जयंतीच्या शिबिरात रक्तदान करतो. अशा मुलांसाठी याहून उपयोगी काही करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, आणि त्यासाठी फक्त तारीख बदलावी लागेल. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवसच टिकतात. जयंती-उत्सवांच्या दिवसांत एकदम जमलेले रक्त महाविद्यालये बंद असलेल्या मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत उपयोगी पडत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाची तारीख मात्र सुट्टीतही येतेच. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोहून अधिक आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल, तर पुरुषांना ९० दिवसांनी व स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. जवळच्या रक्तपेढीत फोन करून कोणत्या आठवड्यांत रक्त कमी पडते ते विचारा आणि तिथे नियमित रक्तदाता म्हणून नाव नोंदवा. तुमचे लग्न व्हायचे असेल, तर एचबी ए-टूची तपासणी त्याआधी उरकून घ्या.