पुस्तक वाचू दे त्याला, पण तू आधी भाभींकडे जाऊन ये

इंग्लंडातल्या लेस्टरहून एका आईने लिहिलंय, माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. मुलगा सतरा वर्षांचा, इंग्लिश लिटरेचर घेतलंय आणि प्रोजेक्टला त्याने सलमान रश्दींची कादंबरी 'सॅटॅनिक व्हर्सेस' निवडलीय. शेजारी भरूचकडचं मुस्लिम कुटुंब, अकरा वर्षांचा घरोबा, त्यांची मुलगी ह्याच्याच वर्गात. तिने घरी सांगितलं तेव्हापासून भाभी गप्प आहेत, ह्या ईदला शीरखुर्मा आला नाही. काकू, त्याला विषय बदलायला लावू का?

नको लावूस.

अगं, तुझी भीती खोटी नाहीये, ह्या पुस्तकापायी माणसं गेलीयत. सप्टेंबर १९८८ ला ते लंडनला निघालं, ऑक्टोबरमध्ये आपल्या सरकारने कस्टम्सच्या कायद्याखाली ते बाहेरून आणायला बंदी घातली, १४ फेब्रुवारी १९८९ ला इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींचा रश्दींना मारण्याचा फतवा आला आणि दहाच दिवसांनी मुंबईत मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला त्यात बारा जण गेले. जपानी भाषांतरकाराचा १९९१ मध्ये खून झाला, त्याने तर नुसतं भाषांतर केलं होतं. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात भर स्टेजवर रश्दींवर चाकूचे वार, एक डोळा गेला. लिहिणाऱ्यावर हात उचलणं चूकच, ह्यात माझ्या मनात जरासुद्धा किंतु नाही, आणि हे भाभींसमोर बोलायलाही तू कचरू नकोस.

पण भाभींनी कोणावर हात उचललेला नाही गं, त्यांच्या मनाला लागलंय इतकंच. तुझ्या मिस्टरांनी फॅमिली ग्रुपवर "ह्या लोकांना काही सहनच होत नाही" असं टाकलं म्हणतेस, तो मेसेज मला ह्या पुस्तकापेक्षा जास्त खुपला. मुलगा त्याच ग्रुपवर आहे ना? आज त्यांच्याशी बोल.

आता त्यांना लागलं काय ते समजून घे. कादंबरीत एक नट आहे, डोकं ठिकाणावर नसलेला, त्याला स्वप्नं पडतात आणि त्या स्वप्नांत पैगंबरांवर बेतलेलं पात्र आहे, त्याला नाव दिलंय ते जुन्या काळी युरोपातले ख्रिश्चन त्यांना हिणवायला वापरायचे ते, आणि कुंटणखान्यातल्या बायका पैगंबरांच्या बायकांची नावं घेतात. स्वप्न असलं तरी, पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईला हे टोचणारच की. पण तेवढंच म्हणजे ते पुस्तक नव्हे. दोन हिंदुस्थानी नट फुटलेल्या विमानातून पडतात आणि इंग्लंडात जगायला लागतात, तिथले पोलीस, तिथली इमिग्रेशनची माणसं, आपला आवाज त्यांच्यासारखा करायची धडपड, हे सगळं तुमच्या दोन्ही घरांनी भोगलेलंच आहे ना.

आणि आपलं बडोदं आठव. मे २००७, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत परीक्षेसाठी लावलेली एका विद्यार्थ्याची चित्रं, देवदेवतांचा अपमान म्हणत बाहेरची माणसं आत घुसली, त्या मुलाला अटक झाली, डीनना सस्पेंड केलं. मी ती चित्रं पाहिली नव्हती, तरी ओट्यावर बसून म्हटलं होतं की असं काढायचंच कशाला. अजून मनाला लागतं ते. म्हणून मुलाला सांग, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच, मोबाईलवरचे दोन उतारे वाचून प्रोजेक्ट नको. ज्या भागांवरून वाद झाला तो वगळू नये, काय लिहिलंय आणि का दुखलं हे दोन्ही नीट सांगावं, पण वर्गात मोठ्याने वाचून खसखस पिकवायची नाही. आणि त्या मुलीला "तुम्हा लोकांचं काय मत" असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही, बिचारी सतराचीच आहे, तिला बोलावंसं वाटलं तर बोलेल.

भाभींकडे तू एकटी जा, मुलाची वकिली करायला म्हणून नको. तुम्ही दोघी गुजरातीतच बोलता ना, मग सरळ म्हण, भाभी, मनमां शुं छे, कहो ने. आणि मग गप्प बस, त्या बोलतील तेवढं बोलू दे, मध्ये "पण" म्हणू नकोस. त्या म्हणाल्या की विषय बदला, तर शांतपणे सांग की तो बदलणार नाही पण तुमचं ऐकल्याशिवाय लिहिणारही नाही. त्या लगेच हसतील असं नाही, दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतील.

मागच्या ईदचा त्यांचा काचेचा बाऊल तुझ्याकडेच राहिलाय असं लिहिलंयस. त्यात बेसनाचे लाडू भर आणि ह्याच शनिवारी जा. काय म्हणाल्या ते मला कळव.