आधी घरात विचार

प्रिय,

तुझी लांबलचक मेल वाचली. डिप्रेशनची रोजची गोळी सोडून कोडाईकनालला मशरूम घ्यावं का, असं विचारतोस. सायलोसायबिन (त्या मशरूममधलं भास घडवणारं, म्हणजे सायकेडेलिक, रसायन), न्यूरोप्लास्टिसिटी (मेंदूची नव्याने जुळणी), इगो डेथ (‘मी’पण विरघळणं), सगळं समजून उमजून लिहिलं आहेस. मी अडकले ती मधल्याच एका ओळीवर. ‘आमच्याकडचा ओरिजिनल सायकेडेलिक म्हणजे मामा, आजी रोज रात्री त्याच्या आमटीत गोळी कुस्करून घालते.’ पुढे एक हसरा चेहरा टाकलास, आणि लगेच कोडाईकनालच्या बसचं भाडं.

कसली गोळी रे? कधीपासून? मामाला ते माहीत आहे का? त्याने लग्न केलं नाही, की कोणी करून दिलं नाही? मशरूम घ्यावं की नाही हे मला विचारतोस आणि हे घरात कोणाला विचारत नाहीस!

मनोविकार विभागाच्या ओपीडीत लोकांच्या घरच्या हकिगती लिहून घेण्यात माझी सारी नोकरी झाली. ‘घरात कोणाला मानसिक आजार?’ असं सरळ विचारलं की उत्तर एकच, ‘छे छे, आमच्यात कोणी नाही.’ मग मी वेगळं विचारायचे. कोणी घर सोडून गेलं होतं का? कोणाला बाहेरचं झालं म्हणून देवाला नेलं होतं का? कोणाची नोकरी टिकायची नाही? अशा वेळी बाई पदराशी चाळा करत नवऱ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘तसे एक धाकटे दीर होते, पण त्यांच्यावर कोणी करणी केली होती.’ तो दीर कागदावर यायला अर्धा तास लागायचा. लग्न ठरवताना आपल्याकडे नाडी, गण, मंगळ सगळं बघतात. दीर तेवढा राहून जातो.

म्हणून सांगते, आधी घरात विचार.

तू ज्या अभ्यासाचा दाखला दिलास तो मीही वाचला आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा, 2021 साली छापलेला. डिप्रेशनचे 59 रुग्ण. सायलोसायबिनची तुलना केली ती नेमकी एस्सिटालोप्रामशी, म्हणजे तू रोज घेतोस त्याच गोळीशी. सहा आठवड्यांनी त्यांनी आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. इतर काही मोजपट्ट्यांवर सायलोसायबिन पुढे दिसलं, तेही खरं. पण त्यावरून ‘गोळी फेकून द्या’ हे कुठून काढलंस? पुढच्या वर्षी 233 रुग्णांचा मोठा अभ्यास आला, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनचा. त्यात 25 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनी फरक दिसला, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचीही नोंद आहे. पॉडकास्टवाले पहिलं अर्धं सांगतात.

पण माझा मुद्दा आकड्यांचा नाहीच. या अभ्यासांत कोणाला घेतलं यापेक्षा कोणाला दारातूनच परत पाठवलं ते बघ. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2008 साली सुरक्षिततेचे नियम छापले. ज्याला स्वतःला स्किझोफ्रेनिया (भास-संशयांनी वास्तवाशी नातं सुटणारा आजार) किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) आहे त्याला घ्यायचं नाही हे उघडच आहे. पण ज्याच्या आईवडिलांना, भावंडांना, आजीआजोबांना, काका-मामा-मावशी-आत्यांना असा आजार आहे, त्यालाही घ्यायचं नाही. मामा त्या यादीत आहे. ज्या लोकांना या औषधात मनापासून रस आहे त्यांनी हा नियम केलाय, माझ्यासारख्या भित्र्या म्हातारीने नव्हे.

मामाला आहे म्हणून तुला होईल, असं मी म्हणत नाही. बहुतेक भाच्यांना काही होत नाही. स्किझोफ्रेनिया एरवी शंभरात साधारण एकाला होतो. जवळच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते, आणि तो बहुधा विशी-पंचविशीत डोकं वर काढतो. तू आज त्याच वयात आहेस. या पदार्थांनी तो ‘होतो’ असंही छातीठोक कोणी म्हणू नये. पण आतून कच्चं असलेल्या माणसाला ते ढकलू शकतात, आणि तू कच्चा आहेस की पक्का हे तुझ्या मित्राच्या अनुभवावरून कळत नाही. तो गोव्यातल्या हणजूणहून परत आला आणि वडिलांशी पहिल्यांदा नीट बोलला, असं लिहिलंयस. आनंद आहे. त्याचा मामा कोण होता?

मित्राच्या त्या एलएसडी (हेही भास घडवणारं रसायन) लावलेल्या कागदाबद्दल एवढंच, की त्यावर एलएसडीच आहे हे त्यालाही माहीत नसतं. एलएसडी म्हणून एनबोम नावाची रसायनं विकली गेली आहेत आणि त्यांनी माणसं मेली आहेत. कायद्याचं तुला मी सांगायला नको. एलएसडीच्या बाबतीत 0.1 ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक साठा म्हणतात आणि तिथून दहा वर्षांची कैद सुरू होते.

माझ्या हट्टाबद्दल तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल. भाचीचं स्थळ ठरत होतं तेव्हा मी भावाला म्हटलं, आपल्या आईच्या आजाराचं त्यांना सांग. तो सांगेना, मी सांगितलं. स्थळ मोडलं. पुढे तिचं लग्न झालं, चांगलं झालं, मला पत्रिका आली नाही. भाऊ अजून बोलत नाही. वाईट वाटतं, दिवाळीला जास्त वाटतं. पण भाचीला बाळ झालं तेव्हा डॉक्टरांनी घरचा इतिहास विचारला, आणि तिला तो माहीत होता. बाळंतपणानंतर तिच्यावर सगळ्यांनी लक्ष ठेवलं. मी तोंड उघडलं नसतं तर तिला आजीचा ‘स्वभावच तसा’ एवढंच कळलं असतं. तेव्हा मला चोंबडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. आधी घरात विचार.

आणि विचारायचं ते असं. आईला ‘आपल्यात कोणी वेडं आहे का’ म्हणू नकोस, फोन ठेवून देईल. रविवारी दुपारी, तिचं आवरल्यावर फोन कर. म्हण, मामा कॉलेजात कसा होता? काय बिनसलं? त्याला कुठे कुठे नेलं? मग गप्प बस आणि ऐक. मध्ये ती भाजीच्या भावावर जाईल, जाऊ दे, परत येईल. आजीकडून गोळ्यांच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो मागव. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन असं काही असेल तर बहुधा स्किझोफ्रेनियासारखं काही. लिथियम असेल तर बहुधा बायपोलर. ब्लडप्रेशरची निघाली तर मला हस, मी ऐकून घेईन. आमटीतून गोळी देण्याबद्दल आजीशी मी नंतर बोलणार आहे, ते वेगळं प्रकरण आहे.

तोवर एस्सिटालोप्राम एकही दिवस चुकवायची नाही. मधेच तोडलीस तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं होईल आणि तू म्हणशील, बघा, गोळीच वाईट. उपयोग होत नाहीये असं वाटतं तर तेच डॉक्टरांना सांग. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं, सोबत समुपदेशन घेता येतं. तू तर अजून पहिल्याच गोळीवर आहेस! कोडाईला जायचं तर जा, तळ्याला फेरी मार. कोणाचं तिकडे फारच बिनसलं तर आधी दवाखाना गाठा; रात्री-अपरात्री नुसतं बोलायलाही कोणी लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फोनमध्ये घालून ठेव.

बसचं तिकीट पट्टीचा फोटो आल्यावर काढ. मला पाठव, मग बोलू.

तुझी,
काकू