१/२५ स्केलच्या १९३२ फोर्ड कूपे मॉडेलचं छत चॉप करताना, म्हणजे खिडक्यांच्या खांबांचा तुकडा काढून छत खाली आणताना, किती कापावं?

३ मिमी कापा. १/२५ मध्ये खऱ्या गाडीचा १ इंच जवळपास १ मिमी होतो, म्हणजे हा ३ इंची चॉप. ३ मिमी रुंद मास्किंग टेप सगळ्या खांबांवर एकाच उंचीवर चिकटवा आणि तिच्या दोन्ही कडांनी रेझर सॉ (बारीक दातांची करवत) चालवा. कटरने दाबून कापलंत तर पुढचे बारीक खांब मोडतात. खांब आत झुकलेले, त्यामुळे छत खाली आलं की सांधे जुळत नाहीत. पुढचे खांब तळाशी अर्धे चिरून किंचित मागे वाकवा, मगच सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) लावा. पुट्टी दुसऱ्या दिवशी, पातळ थरात. काच पारदर्शक शीटमधून नव्याने कापा. सुपरग्लू नको, वाफेने ती पांढुरकी पडते. मात्र काही किटमध्ये छत आधीच चॉप केलेलं असतं, तिथे करवत बाजूलाच ठेवा.