वाचक विचारतात : चर्चची सेवाकार्ये, करदात्यांचा पैसा आणि अध्यक्षपदाचा प्रचार

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेने धर्म आणि शासन वेगळे ठेवले आहेत, असे आपण वाचत आलो. तरीही धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प आणि बायडेन या चौघांनीही धर्मसंस्थांच्या सेवाकार्यासाठी व्हाइट हाउसमध्ये खास कार्यालय चालवले. हे घटनेत कसे बसते? आणि हा पैसा मतांसाठी वाटला जातो, या आरोपात कितपत तथ्य आहे?

उत्तर : पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दोन गोष्टींची मनाई केली आहे. कोणत्याही धर्माला राजमान्यता देता येणार नाही आणि कोणाच्या धर्माचरणात आडकाठीही आणता येणार नाही. धर्मसंस्था चालवत असलेल्या रुग्णालयाला सरकारने मदत करूच नये, असे तिच्यात म्हटलेले नाही. वॉशिंग्टनच्या प्रॉव्हिडन्स रुग्णालयाचा कारभार कॅथलिक नन्सकडे होता आणि त्याच्या आवारात सरकारी पैशातून इमारत बांधण्यास एका करदात्याने हरकत घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने १८९९ मध्येच ती फेटाळली. रुग्णालय ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, तिचे चालक कोणत्या पंथाचे आहेत हा प्रश्न गैरलागू आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे कॅथलिक आणि लूथरन सेवासंस्थांनी अनाथ मुले, वृद्ध आणि निर्वासित यांच्यासाठी कित्येक दशके सरकारी कंत्राटे घेतली. मात्र या संस्था चर्चपासून कायद्याने वेगळ्या होत्या, त्यांचे हिशेब वेगळे होते आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात उपासनेला जागा नव्हती.

हा शिरस्ता १९९६ मध्ये बदलला. तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सही केलेल्या, गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयीच्या कल्याण-सुधारणा कायद्यात मिसूरीचे सिनेटर जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या पुढाकाराने ‘चॅरिटेबल चॉइस’ हे कलम घातले गेले. आता धर्मसंस्थेला भिंतीवरचा क्रूस न उतरवता आणि आपल्याच धर्माची माणसे नोकरीत ठेवून सरकारी कंत्राट घेता येणार होते. त्या बदल्यात अटी अशा होत्या की, थेट मिळालेला पैसा उपासनेवर किंवा धर्मप्रसारावर खर्च करायचा नाही, मदत मागायला आलेल्या माणसाला त्याच्या धर्मामुळे परत पाठवायचे नाही आणि त्याला त्या संस्थेच्या धार्मिक स्वरूपाची अडचण वाटली, तर सरकारने त्याला दुसरी संस्था उपलब्ध करून द्यायची. कागदावर हे चोख आहे. पण एखाद्या लहान गावात व्यसनमुक्तीचे केंद्रच एक असेल आणि तेही चर्चचे असेल, तर ती दुसरी संस्था सरकार कुठून आणणार, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडलेले नाही.

आता प्रचाराकडे वळू. २००० च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांनी मे १९९९ मध्ये अटलांटात या कल्पनेला पाठिंबा दिला आणि जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बुश यांनी इंडियानापोलिसमध्ये तीच कल्पना अधिक जोरात मांडून पहिल्याच वर्षी सुमारे ८ अब्ज डॉलरचे आश्वासन दिले. म्हणजे दोन्ही प्रमुख उमेदवारांचे या बाबतीत एकमत होते, हे आज बरेच जण विसरतात. निवडून आल्यावर बुश यांनी २९ जानेवारी २००१ रोजी आदेश काढून कार्यालय स्थापन केले आणि जॉन डायुलिओ या डेमोक्रॅट प्राध्यापकाला त्याचे प्रमुख नेमले. या योजनेला कायद्याचे रूप देणारे विधेयक जुलैमध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये घोडे अडले. अडथळा रकमेचा नव्हता; सरकारी पैशातून पगार देताना उमेदवाराचा धर्म पाहता येईल का, हा होता. गंमत म्हणजे शंका घेणाऱ्यांत उजव्या गटाचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसनही होते. दार उघडले की सायंटॉलॉजी आणि हरे कृष्ण पंथालाही अनुदान द्यावे लागेल, ही त्यांची धास्ती होती. तर्क म्हणून ती अगदी बरोबर होती, कारण सरकारला एक धर्म आपला आणि दुसरा परका असे म्हणता येत नाही. शेवटी डिसेंबर २००२ मध्ये बुश यांनी काँग्रेसला वळसा घालून आदेशानेच बरेचसे काम उरकले.

मतांसाठी पैसा वाटला गेला का? माझे मत असे की, वाटण्याइतका नवा पैसा मुळात आलाच नाही. लहान संस्थांना उभे करण्यासाठी काढलेल्या निधीत पहिल्या वर्षी जेमतेम ३ कोटी डॉलर होते. ८ अब्जांच्या शब्दापुढे ही रक्कम ठेवून पाहिली की बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणजे काय ते कळते. वाटले गेले ते अगत्य. कार्यालयाचे उपप्रमुख राहिलेले डेव्हिड कुओ यांनी २००६ मध्ये जाहीरपणे लिहिले की, २००२ च्या निवडणुकीआधी चुरशीच्या मतदारसंघांत पाद्री आणि सेवाभावी संस्थांसाठी सरकारी खर्चाने बैठका घेतल्या गेल्या आणि त्यामागचा हेतू राजकीय होता. व्हाइट हाउसमधून बोलावणे आले, अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हे कोणीतरी आपुलकीने समजावले, की अर्ज मंजूर होवो न होवो, यजमान लक्षात राहतो. डायुलिओ तर आठ महिन्यांच्या आतच बाहेर पडले होते आणि या सरकारात धोरणापेक्षा राजकारणाला किंमत आहे, अशी तक्रार त्यांनी एका पत्रकाराला लिहून कळवली होती. ती गाजल्यावर त्यांनी माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे.

ओबामांनी १ जुलै २००८ रोजी ओहायोतील झेन्सव्हिल येथे, म्हणजे अटीतटीच्या राज्यात, हे कार्यालय बंद न करता वाढवण्याचे जाहीर केले आणि सरकारी पैशातून नोकरी देताना धर्म पाहता येणार नाही, असे ठामपणे सांगितले. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्यालय नव्या नावाने सुरू झाले, परंतु नोकरीचा प्रश्न ‘प्रकरणागणिक पाहू’ या सबबीवर बाजूला ठेवला गेला आणि त्यांच्या दोन्ही कार्यकाळांत तो सुटला नाही. इथेच पाणी मुरते. अनुदान देतो म्हटले की श्रद्धाळू मतदार खूश होतो आणि अटी घालतो म्हटले की धर्मनिरपेक्ष मतदार खूश होतो. अटी अमलात आणायच्या, तर दोघांपैकी एकाला दुखवावे लागते.

अटी सैल सुटल्या तर काय होते, याचे उदाहरण आयोवातील न्यूटनच्या तुरुंगात मिळते. तिथे एका ख्रिस्ती संस्थेने राज्याच्या पैशावर कैद्यांच्या सुधारणेचा उपक्रम चालवला होता. तोच उपक्रम टेक्सासमध्ये बुश गव्हर्नर असताना १९९७ मध्ये सुरू झाला होता. न्यूटनच्या त्या विभागात कोठड्यांना लाकडी दारे होती, शौचालये आडोशाची होती आणि नातेवाइकांना निवांत भेटण्याची सोय होती. प्रवेश ऐच्छिक होता, पण दिवसभराचा कार्यक्रम बायबलच्या शिकवणीभोवती आखलेला होता. दुसऱ्या धर्माच्या कैद्याने या सोयी हव्यात म्हणून श्रद्धा गुंडाळून ठेवावी का, असा तो सवाल होता. संघराज्य न्यायालयाने २००६ मध्ये हा उपक्रम घटनाबाह्य ठरवला आणि अपील न्यायालयाने २००७ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला.

प्रश्न : अशा खर्चाविरुद्ध सामान्य करदाता न्यायालयात जाऊ शकतो का?

उत्तर : फार कमी वेळा. १९६८ च्या एका निकालाने काँग्रेसने मंजूर केलेल्या धर्मविषयक खर्चापुरती ती वाट उघडली होती. मात्र बुश यांच्या कार्यालयाने घेतलेल्या परिषदांविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला, कारण तो पैसा अध्यक्षांनी सर्वसाधारण तरतुदीतून खर्च केला होता. म्हणूनच नवे अध्यक्ष कायद्यापेक्षा आदेश पसंत करतात. ट्रम्प यांचा २०१८ चा, बायडेन यांचा २०२१ चा आणि पुन्हा ट्रम्प यांचा फेब्रुवारी २०२५ चा, हे सारे आदेशच आहेत. न्यूटनच्या खटल्याला आधार मिळाला तो ठरावीक कंत्राटाचा आणि प्रत्यक्ष बाधित कैद्यांचा.

प्रश्न : अनुदान घेणाऱ्या चर्चला एखाद्या उमेदवाराचा उघड प्रचार करता येतो का?

उत्तर : सरकारी अनुदानाचा पैसा प्रचारावर खर्च करता येत नाही. याशिवाय १९५४ मध्ये लिंडन जॉन्सन सिनेटर असताना आणलेल्या दुरुस्तीनुसार करमाफी असलेल्या कोणत्याही धर्मादाय संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरण्यास मनाई आहे. हे बंधन करमाफीमुळे येते, त्यामुळे अनुदान न घेणाऱ्या चर्चलाही ते लागू आहे. करविभागाने त्याची अंमलबजावणी नेहमीच हात राखून केली आणि जुलै २०२५ मध्ये तर न्यायालयात अशी भूमिका घेतली की, उपासनेच्या वेळी धर्मगुरूने आपल्याच मंडळींशी उमेदवाराविषयी केलेले बोलणे या मनाईत मोडत नाही. अनुदानाच्या अटींना मात्र या भूमिकेने धक्का लागत नाही. त्या वेगळ्या नियमांत आहेत आणि त्यांचा हिशेब अनुदान देणाऱ्या खात्याला द्यावा लागतो.